विष निसर्गाचं, हिशेब आपला

मार्च २०२५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर लाटांत उतरलेल्या लोकांना एकाएकी खोकला लागला, डोळे चुरचुरायला लागले आणि पाण्यावर जाड फेस साचलेला दिसला. पुढचे कित्येक महिने मेलेले मासे, शार्क, पाकट, ऑक्टोपस किनाऱ्याला लागत राहिले. कारण होतं कारेनिया नावाच्या सूक्ष्म शैवालाला आलेला अफाट बहर. जुलैपर्यंत मात्र वादाचा मुद्दा भलताच झाला होता: ही ‘नैसर्गिक आपत्ती’ मानायची की नाही? तिथल्या केंद्र सरकारच्या मदतीच्या चौकटीत वणवा, पूर, चक्रीवादळ, भूकंप बसतात, शैवाल बसत नाही. त्यामुळे तशी घोषणा झाली नाही. १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची मदत वेगळ्या वाटेने जाहीर झाली. इथे मदत मिळण्यासाठी बहर ‘नैसर्गिक’ ठरणं गरजेचं होतं. एरवी हाच शब्द नेमका उलट्या कामाला जुंपला जातो. शैवालाच्या विषाने सी लायन मेले, शिंपल्यांवर बंदी आली, की कुणीतरी म्हणतं, ‘हे नैसर्गिकच आहे, समुद्रात पूर्वापार चालत आलंय.’ लगेच दुसरी बाजू उसळून उठते: ‘नैसर्गिक कसलं? शेतातली खतं, सांडपाणी, तापलेलं पाणी, हे आपणच केलंय.’

या वादात दोन्हीकडे अभ्यासू माणसं आहेत आणि दोघांकडेही पुरावे आहेत. तरीही हा वाद चुकीच्या टोकाने धरला गेलाय असं माझं ठाम मत आहे. विषाचा जन्म कुठे झाला, या उत्तरावर ते माणसाच्या पोटात जाऊ न देण्याची जबाबदारी अवलंबून नसते. समुद्राची नियमित तपासणी करायची की नाही, सुरक्षित मर्यादा कितीवर ठेवायची, बंदीचा भार कुणी उचलायचा, हे प्रश्न उगमाचा निकाल लागेपर्यंत थांबू शकत नाहीत. आणि आज ते थांबलेले आहेत.

डोमोइक ॲसिडचंच उदाहरण घेऊ. हे विष बनवतात स्यूडो-निट्झशिया वंशातले डायटम. डायटम म्हणजे काचेसारख्या सिलिकाच्या कवचातलं एकपेशीय शैवाल. शिंपले पाणी गाळून अन्न मिळवतात, त्या गाळण्यात हे डायटम त्यांच्या शरीरात साठतात. शिंपल्याला काही होत नाही. त्याची चव, वास, रंग काहीच बदलत नाही. शिजवल्याने विष नष्ट होत नाही. खाणाऱ्याच्या मेंदूत मात्र ते ग्लुटामेटची जागा बळकावतं. चेतापेशी एकमेकींना ‘जागी हो’ असा निरोप देतात तो प्रामुख्याने ग्लुटामेटमार्फत. डोमोइक ॲसिड त्याच्याच घडणीचं असल्यामुळे त्याच कुलपात बसतं, पण किती तरी घट्ट. मग पेशी उत्तेजित होत राहते, तिच्यात कॅल्शियम शिरत राहतं आणि शेवटी ती मरते. हिप्पोकॅम्पस हा नव्या आठवणी घडवणारा भाग. या माऱ्याला सर्वांत आधी बळी पडणाऱ्यांत तो येतो. यावर उतारा नाही.

हे कळलं १९८७ च्या हिवाळ्यात, कॅनडात. प्रिन्स एडवर्ड आयलंडमधले शिंपले खाल्लेले लोक आजारी पडू लागले. आधी उलट्या, पोटदुखी, जुलाब, मग काहींना डोकेदुखी, गोंधळ, झटके. व्याख्येत बसणारे १०७ रुग्ण नोंदले गेले, १९ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, त्यातल्या १२ जणांना अतिदक्षता विभागात, तिघं दगावले. वाचलेल्यांपैकी काहींची अवस्था जास्त अस्वस्थ करणारी होती. त्यांना बोलता येत होतं, विचार करता येत होता, पण नवं काही लक्षात राहत नव्हतं. या आजाराच्या इंग्रजी नावात म्हणूनच ‘विस्मृती’ हा शब्द आला.

ते विष सापडलं कसं, याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. शिंपल्यांतल्या एका जुन्या, वेगळ्या विषासाठी, सॅक्सिटॉक्सिनसाठी, उंदरांवरची एक ठरीव चाचणी तिथे आधीपासून वापरात होती. शिंपल्याचा अर्क टोचलेले उंदीर या वेळी नेहमीसारखे मेले नाहीत. ते मागच्या पायाने आपला खांदा सारखा खाजवत राहिले. हे ओळखीचं लक्षण नव्हतं. त्या विचित्र खुणेचा माग काढत हॅलिफॅक्सच्या प्रयोगशाळेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी काही दिवसांत डोमोइक ॲसिडचं नाव काढलं. म्हणजे ज्याचा शोध घेतलाच जात नव्हता ते हाती लागलं, कारण दुसऱ्या कशाचा तरी शोध नित्यनेमाने चालू होता. कंटाळवाणी, रुटीन, बातमी न होणारी तपासणी. माझा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे.

आता ‘नैसर्गिक’वाल्यांचं म्हणणं त्यांच्या पूर्ण ताकदीने मांडू या, कारण ते खरंच ताकदीचं आहे. ही विषं आपल्या कारखान्यांहून फार जुनी आहेत. १७९३ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतल्या खलाशांनी आजच्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर शिंपले खाल्ले. त्यांतला जॉन कार्टर मेला. त्या खाडीला तेव्हापासून ‘पॉयझन कोव्ह’ म्हणजे विषखाडी हे नाव आहे. तेव्हा कुठलं रासायनिक खत होतं? उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांकडे याचं ज्ञान होतं. रात्री समुद्र चमकू लागला की शिंपले खायचे नाहीत, असा नियम तिथल्या काही समाजांत असल्याची नोंद आहे. आणि सर्वांत भक्कम पुरावा अलीकडचा आहे. १९८५ ते २०१८ या काळातल्या जगभरच्या नऊ हजारांहून जास्त नोंदी तपासणारा एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. हानिकारक बहर जगभर सरसकट वाढत चालले आहेत असं त्यातून दिसलं नाही. काही भागांत वाढ होती, काही भागांत घट. आणि नोंदी वाढण्यामागे तपासणी वाढणं, मत्स्यशेती वाढणं हेही मोठं कारण होतं. जे लोक प्रत्येक बहरामागे थेट हवामानबदल उभा करतात, त्यांनी हा निष्कर्ष बाजूला सारू नये.

पण हेच पुरावे जरा नीट पाहा. समुद्र चमकतो तो डायनोफ्लॅजेलेट गटातल्या काही शैवालांमुळे. सॅक्सिटॉक्सिन बनवणारं शैवालही त्याच गटातलं, म्हणून तो जुना नियम त्या विषाबाबत उपयोगी पडत असणार. स्यूडो-निट्झशिया डायटम आहे आणि डायटम चमकत नाहीत. त्यांच्या बहरात पाण्याचा रंगही पुष्कळदा बदलत नाही. पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनी समुद्र वाचणाऱ्या माणसालाही हे विष दिसत नाही. ‘पूर्वापार चालत आलंय’ हे खरं धरलं तरी त्यातून तपासणीची गरज वाढते. आणि २०२१ चा अभ्यास? नोंदी वाढल्या त्या पाहणारे वाढले म्हणून, असं तो म्हणतो. मग जिथे पाहणारेच नाहीत तिथे काय घडत असेल? पोटदुखी, गोंधळलेला म्हातारा माणूस, एक झटका, आणि डॉक्टरच्या कागदावर वेगळंच काहीतरी. पाहिलं नाही तर आकडा शून्य येतो. शून्य आणि ‘काही घडलंच नाही’ यांत फरक आहे.

दुसऱ्या बाजूचे पुरावेही मी मानतो. मिसिसिपी नदीच्या मुखाजवळच्या समुद्रतळातल्या गाळाच्या थरांत स्यूडो-निट्झशियाची कवचं मोजली गेली. १९५० च्या दशकानंतर त्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं, नदीतून वाहून येणारं नायट्रेट वाढत गेलं त्याच काळात. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत डोमोइक ॲसिडचा जो बहर पसरला, तो त्या किनाऱ्यावरचा आजवरचा सर्वांत मोठा होता, आणि त्यामागे उत्तर पॅसिफिकमध्ये आदल्या वर्षांपासून साचलेलं असाधारण उबदार पाणी होतं. वातावरणातला कार्बन शोषून घेण्यासाठी समुद्रात लोह मिसळावं अशी एक कल्पना अधूनमधून पुढे येते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं, की किनाऱ्यापासून दूरच्या त्या पॅसिफिक पाण्यात लोह मिसळल्यावर स्यूडो-निट्झशियाही फोफावतं आणि विषही वाढतं. उगमाचा प्रश्न फिजूल आहे असं मी म्हणतच नाही. समुद्रात जाणूनबुजून काही ओतायचं की नाही, नदीत किती नायट्रेट सोडायचं, हे ठरवताना तो प्रश्न कळीचा आहे आणि तिथे त्याचं उत्तर दिलंच पाहिजे.

माझी तक्रार वेगळी आहे. ‘हे आपणच केलं’ म्हणणारेही नकळत समोरच्याचंच गृहीतक स्वीकारतात. माणसाचा दोष सिद्ध झाला तरच माणसावर जबाबदारी येते, हे ते गृहीतक. म्हणून त्यांची सगळी शक्ती दोष सिद्ध करण्यात जाते. एखादा बहर पूर्णपणे नैसर्गिक निघाला, आणि असे निघतात, की त्यांच्या हातात काहीच उरत नाही.

निसर्गाने बनवलेल्या विषाबद्दल आपण इतरत्र असं कधी वागलो आहोत का? १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. त्यांच्या खाद्यातल्या ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर बुरशी होती आणि बुरशीने अफ्लाटॉक्सिन तयार केलं होतं. बुरशी नैसर्गिक, विष नैसर्गिक. तरी शेंगदाणे, मका, दूध यांत अफ्लाटॉक्सिन किती चालेल याच्या मर्यादा देशोदेशी ठरल्या, आणि बुरशी कुणाच्या चुकीने वाढली हे आधी सिद्ध करा, असं कुणी म्हटलं नाही.

बांगलादेशाचं उदाहरण याहून कडू आहे, आणि आपल्या मुद्द्याच्या जास्त जवळचं. तळ्या-ओढ्यांच्या दूषित पाण्याने मुलं मरत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून गावोगाव कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू अत्यंत चांगला होता. जमिनीखालच्या त्या पाण्यात आर्सेनिक होतं, हिमालयातून आलेल्या गाळातलं, संपूर्णपणे नैसर्गिक. १९९२ मध्ये त्या भूजलाची शास्त्रीय पाहणी झाली. अनेक घटक मोजले गेले, आर्सेनिक मोजलं गेलं नाही, कारण ते तिथे असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. मग कोट्यवधी लोक ते पाणी पीत राहिले. आता सांगा, हे विष नैसर्गिक की मानवनिर्मित? आर्सेनिक निसर्गाचं, नळी माणसाची, आणि न केलेली तपासणीही माणसाची. शिंपल्यांची शेती आपण वाढवतो, त्यांचा व्यापार खंडांपलीकडे नेतो, शिंपले हे आरोग्यदायी अन्न म्हणून त्यांची शिफारस करतो. समुद्र आणि ताट यांच्यामधली ती नळी आपलीच आहे.

‘नैसर्गिक’ या शब्दाची आणखी एक छटा आहे. नैसर्गिक म्हणजे फारसं घातक नसावं, असा एक समज त्यात दडलेला असतो. डोमोइक ॲसिडचा इतिहास त्या समजाला पोषकच होता. १९५८ मध्ये जपानमध्ये ते पहिल्यांदा वेगळं केलं गेलं, तेही एका लाल समुद्रशैवालातून. त्या शैवालाचं स्थानिक नाव ‘डोमोइ’, आणि लोक ते जंतांवरचं औषध म्हणून वापरत. लहान मुलांना साधारण २० मिलिग्रॅमची मात्रा देत, आणि त्यातून काही अपाय झाल्याची नोंद नव्हती. १९८७ च्या रुग्णांच्या पोटात गेलेलं प्रमाण अंदाजे ६० ते २९० मिलिग्रॅम होतं. औषधाची मात्रा आणि आजाराची पहिली पायरी यांत फक्त तिपटीचं अंतर. एवढ्या अरुंद वाटेवर ‘परंपरेने चालत आलंय’ हा आधार कसा पुरेल?

याच ठिकाणी मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न येतो, आणि उगमाच्या वादात तो जवळजवळ हरवून गेलाय. मर्यादेचा प्रश्न. शिंपल्याच्या दर किलो मांसात २० मिलिग्रॅमपर्यंत डोमोइक ॲसिड चालेल, हा आकडा १९८७ च्या घटनेतून आला. त्या रुग्णांनी किती खाल्लं असेल याचा अंदाज बांधून, त्यात सुरक्षेसाठी काही अंतर ठेवून तो ठरला आणि मग जगभर पसरला. त्याने मोठं काम केलं हे मान्य करायलाच हवं. १९८७ सारखी घटना पुन्हा घडलेली नाही, आणि त्याचं श्रेय या मर्यादेला आणि ती पाळणाऱ्या तपासनीसांना आहे. पण ती मर्यादा एका जेवणाची आहे. एका बैठकीत खाऊन तुम्ही रुग्णालयात पोहोचू नये एवढंच ती पाहते. वर्षानुवर्षं थोडं थोडं खाणाऱ्याचं काय, हे ती विचारत नाही.

विचारलं तेव्हा काय दिसलं? २००९ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हिशेब केला. साठ किलो वजनाचा माणूस एका वेळी ४०० ग्रॅम शिंपले खाईल असं धरलं, तर सुरक्षित राहण्यासाठी किलोमागे साडेचार मिलिग्रॅमहून जास्त विष असू नये. कायद्यातला आकडा २० चा. रोजच्या रोज थोडं पोटात जाण्याबद्दल तर मर्यादा सुचवण्याइतकी माहितीच हाताशी नाही, असंही त्या अहवालाने स्पष्ट लिहिलं. दुसरीकडे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर मूळ रहिवासी जमातींमध्ये दीर्घ अभ्यास झाला. रेझर क्लॅम हे लांबट शिंपले त्यांच्या नेहमीच्या खाण्यातले आणि त्यांच्या संस्कृतीचा भाग. या शिंपल्यांत विष महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून जास्त टिकून राहतं. महिन्याला पंधराहून अधिक रेझर क्लॅम खाणाऱ्यांची स्मरणशक्ती चाचण्यांमध्ये कमी भरली. फरक आजार म्हणावा इतका नव्हता, हे सांगितलं पाहिजे. पण त्यांनी खाल्लेले शिंपले नियमाने ‘सुरक्षित’ होते. त्यानंतर तिथल्या आरोग्य खात्याने महिन्याला पंधरा हा सल्ला दिला.

सल्ला द्यावा, जरूर द्यावा. पण मर्यादा आहे तिथेच ठेवून खाणाऱ्याला मोजायला सांगणं म्हणजे ओझं सर्वांत कमी साधनं असलेल्या माणसाकडे सरकवणं आहे. अधूनमधून हौसेने शिंपले खाणारा पंधराच्या आसपासही जात नाही. ज्याचं जेवण समुद्रावरच चालतं, त्यालाच हा हिशेब ठेवायचा. ‘मग खाऊ नका ना’ म्हणणाऱ्यांनी हे कुणाला उद्देशून आपण बोलतोय, याचा एकदा विचार करावा.

मर्यादा कडक करण्याला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा पोटाचा आहे आणि मी तो हलका मानत नाही. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात डंजनेस खेकड्यांचा हंगाम ठरल्या वेळी उघडलाच नाही. काही भागांत तो सुरू व्हायला पुढच्या वर्षीचा मार्च उजाडला. खेकडेवाल्यांचा वर्षभराचा मोठा कमाईचा काळ बुडाला. राज्याने मदत मागितल्यावर संघराज्याने मत्स्यव्यवसाय आपत्ती जाहीर केली ती जानेवारी २०१७ मध्ये, आणि पैशाची तरतूद व्हायला २०१८ उजाडलं. होडीचा हप्ता इतका थांबतो का? मर्यादा वीसवरून खाली आणली तर असे हंगाम वाढतील, हे खरंच आहे. पण या उदाहरणातला अन्याय नीट पाहिला तर तो चाचणीने केलेला नाही. चाचणीने लोकांना वाचवलं. अन्याय केला तो बंदी तत्काळ आणि मदत दोन वर्षांनी, या रचनेने. लोकांच्या आरोग्यासाठी एका व्यवसायाचं दार बंद करायचं असेल, तर त्याचा खर्चही लोकांनी, म्हणजे सरकारने, दार बंद केल्याच्या दिवसापासून उचलायला हवा. आणि तसा तो उचलताना बहर ‘नैसर्गिक’ होता की नव्हता, हा दाखला मागायचं कारण काय?

खर्चाच्याच नावाखाली आणखी एक सूचना येते: शिंपले तपासतोच आहोत, तेवढं पुरे. १९९८ च्या मे-जूनमध्ये मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर चारशेहून अधिक सी लायन मेले. कित्येक झटके देत, मान वेडीवाकडी हलवत किनाऱ्यावर आले होते. विष त्यांच्यापर्यंत पोहोचलं होतं अँकोव्ही माशांतून. आणि त्याच काळात तिथून गोळा केलेल्या शिंपल्यांमध्ये डोमोइक ॲसिड नव्हतं, किंवा अगदी नाममात्र होतं. फक्त शिंपल्यांचे आकडे पाहणाऱ्याच्या दृष्टीने समुद्र स्वच्छ होता. १९९१ मध्ये माँटेरे उपसागरात पेलिकन आणि पाणकावळे मेले तेव्हाही वाट अँकोव्हीचीच होती. वाचलेल्या सी लायनवर पुढे झालेल्या अभ्यासात त्यांच्या हिप्पोकॅम्पसची झीज दिसली, आणि जागा लक्षात ठेवण्याची त्यांची क्षमता कमी झालेली आढळली. खाणं कुठे सापडलं होतं हे ज्याला आठवत नाही, असा समुद्रातला शिकारी प्राणी किती दिवस जगेल?

म्हणून शिंपल्यांबरोबर मासे तपासा, पाण्यातले डायटम मोजा, मेलेल्या पक्ष्यांची नोंद ठेवा, आणि ते आकडे बंदीची वेळ येण्याआधी, आठवड्याच्या आठवड्याला, सर्वांना दिसतील असे प्रसिद्ध करा. वीस आणि साडेचार यांच्यातल्या अंतरावर उघड चर्चा होऊ द्या. तिच्यात शिंपले रोज खाणाऱ्यांना आधी बोलावा. आणि भरपाई बंदीच्या तारखेपासून सुरू करा. तडफडणारा पाणकावळा पहिल्यांदा दिसतो तो होडीवरच्या माणसाला, प्रयोगशाळेला नव्हे. आज त्याने ते कळवलं तर त्याचाच हंगाम बंद होतो, आणि पैसे कधी मिळतील हे त्याला कुणी सांगू शकत नाही.